दोनशे नॅनोमीटरच्या थरावर मोजमाप करताना आपण नेमके काय मोजतो?

प्रश्न : जस्तथर_नागपूर

नमस्कार. मी नागपूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते आहे. झिंक ऑक्साइडचे पातळ थर स्प्रे पायरोलिसिसने तयार करणे आणि अमोनिया वायूला ते कसा प्रतिसाद देतात हे तपासणे, असा माझा विषय आहे. झिंक ॲसिटेटचे द्रावण ४०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचपट्टीवर फवारून मी थर देते. पट्टी नेहमीची, सूक्ष्मदर्शकाखाली वापरतात ती, ७५ बाय २५ मिलिमीटरची आहे. फवारणीपूर्वी आणि फवारणीनंतर वजन केले तेव्हा २.१ मिलिग्रॅमचा फरक आला, आणि झिंक ऑक्साइडची घनता ५.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरून थराची जाडी सुमारे २०० नॅनोमीटर निघाली.

या थरावर मी तीन मोजमापे केली. एक्सआरडीमध्ये (स्फटिकरचना दाखवणाऱ्या क्ष-किरण विवर्तनात) ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर अपेक्षित पीक (आलेखातील शिखरे) मिळाले, पण ते लहान आहेत आणि २० ते ३० अंशांच्या दरम्यान काचेचा मोठा फुगवटा दिसतो. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याच्या पद्धतीत) ऑक्सिजनच्या पीकचे ५३०.२ आणि ५३१.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असे दोन भाग पडले. त्यातील दुसरा भाग ऑक्सिजनच्या रिक्त जागांमुळे आहे असे मी लिहिले, कारण मी वाचलेल्या बहुतेक शोधनिबंधांत तसेच लिहिलेले आहे. नॅनोइंडेंटेशनसाठी (सूक्ष्म टोक दाबून कठीणपणा मोजण्यासाठी) नमुना बाहेरगावी पाठवला होता. त्याच्या अहवालात कठीणपणा ६ गिगापास्कल आणि प्रत्यास्थता मापांक ७२ गिगापास्कल असे आकडे असून टोक कमाल ३०० नॅनोमीटर खोल गेल्याची नोंद आहे.

निबंध परत आला आहे. परीक्षकांच्या मते माझे पहिले मोजमाप मुख्यतः काचेचे आहे, दुसरे हवेत थरावर जे बसले त्याचे आहे आणि तिसरे संपूर्णपणे काचेचे आहे. हे वाचून वाईट वाटले, पण आक्षेप चुकीचा आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. उत्तर देण्यासाठी सहा आठवडे आहेत. यातील प्रत्येक पद्धत थरात किती खोलवरचे पाहते, आणि नागपुरात राहून मला काय दुरुस्त करता येईल, हे कोणी समजावून सांगाल का?

उत्तर १ : निवृत्त_अध्यापक_धरमपेठ

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे आणि आकडेही दिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी एक्सआरडी आणि जाडी या दोनच गोष्टींवर लिहितो. एक्सपीएसवर अधिकाराने लिहिणारे या चर्चेत आहेत.

नेहमीच्या मांडणीत, म्हणजे क्ष-किरणांची नळी आणि ते टिपणारा शोधक दोन्ही सारख्या कोनाने फिरतात त्या मांडणीत, ३४.४ अंशांच्या पीकसाठी क्ष-किरण पृष्ठभागाशी १७.२ अंशांचा कोन करून आत शिरतो आणि तेवढ्याच कोनाने बाहेर पडतो. २०० नॅनोमीटर जाडीच्या थरातून जाण्यायेण्याचा त्याचा एकूण मार्ग सुमारे १.३५ मायक्रोमीटर होतो. तांब्याच्या के-अल्फा किरणांची तीव्रता झिंक ऑक्साइडमध्ये साधारण ३६ मायक्रोमीटर अंतर कापल्यावर ३७ टक्क्यांवर येते. म्हणजे आपल्या थरात किरणांचा जेमतेम चार टक्के भाग शोषला जातो आणि उरलेला सगळा काचेशी बोलून परत येतो. आपल्या आलेखातला फुगवटा हा प्रयोगातला दोष नाही, त्या भूमितीचा तो सरळ परिणाम आहे.

उपाय आहे तो किरण अगदी तिरपा सोडण्याचा. शेताचा बांध काटकोनात ओलांडला तर दोन पावलांत पलीकडे जाता येते, पण जवळजवळ बांधाच्या दिशेनेच चालत ओलांडला तर तोच बांध चाळीस पावले पुरतो. आपाती कोन १ अंशावर स्थिर ठेवून फक्त शोधक फिरवला, तर आत शिरतानाचा मार्ग सुमारे ११.५ मायक्रोमीटर होतो, म्हणजे आधीच्या मांडणीत आत शिरतानाच्या ०.६८ मायक्रोमीटरच्या सतरापट. थराचा वाटा वाढतो आणि काचेचा फुगवटा खाली बसतो. कोन आणखी कमी करत नेला, तर झिंक ऑक्साइडसाठी सुमारे ०.३ अंशाच्या खाली संपूर्ण बाह्य परावर्तन सुरू होते आणि किरण पृष्ठभागाखाली फक्त काही नॅनोमीटरच पोहोचतो. म्हणून ०.३, ०.५, १ आणि २ अंश असे वेगवेगळे कोन घेतले, तर एकाच थराचा वरचा आणि खालचा भाग निराळा आहे की काय, हेही कळू शकते. मात्र ०.३ अंशाजवळ किरणाचा ठसा नमुन्यावर फार लांब पसरतो. किरण ०.१ मिलिमीटर रुंदीचा असला तरी ठसा १९ मिलिमीटरांचा होतो. तेव्हा पट्टी किरणाच्या दिशेने लांब ठेवावी आणि नमुन्याची उंची काळजीपूर्वक जुळवावी.

आता एक इशारा देतो, कारण ही चूक मी प्रबंध तपासताना अनेकदा पाहिली आहे. नेहमीच्या मांडणीत पृष्ठभागाला समांतर असलेल्या स्फटिकतलांचीच नोंद होते. तिरप्या मांडणीत तसे नसते. आपाती कोन १ अंश असताना ३४.४ अंशांवर जे तल पीक देतात, ते पृष्ठभागाशी सुमारे १६ अंश कललेले असतात. थरातील कण मुख्यत्वे सी-अक्षाच्या (स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या) दिशेने उभे वाढले असतील, तर नेहमीच्या आलेखात ३४.४ चे पीक सर्वांत उंच दिसेल आणि तिरप्या आलेखात तेच खुजे होईल. थर तोच असतो, आपण वेगळ्या दिशेला तोंड केलेले कण मोजत असतो. त्यामुळे तिरप्या मांडणीतील उंचींवरून टेक्स्चर गुणांक (कण किती प्रमाणात एकाच दिशेने वाढले ते सांगणारा आकडा) काढू नये. तो नेहमीच्या मांडणीवरूनच काढावा आणि तिरपी मांडणी कोणत्या प्रावस्था (स्फटिकप्रकार) आहेत हे ओळखण्यासाठी वापरावी. निबंधात दोन्ही आलेख शेजारीशेजारी द्यावेत.

जाडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बाकीचे सगळे हिशेब तिच्यावर उभे आहेत. वजनाच्या फरकावरून आपल्याला खरे तर जाडी मिळत नाही, दर चौरस सेंटिमीटरवर किती द्रव्य बसले तेवढेच मिळते. ५.६ ही सलग स्फटिकाची घनता आहे, आणि फवारलेल्या थरात छिद्रे असतात. तेव्हा खरी जाडी २०० पेक्षा जास्त असण्याचीच शक्यता आहे. आपल्याकडे दृश्य-अतिनील वर्णपटमापक असेल, तर थराच्या पारगमनाच्या (आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या) आलेखातील दरी कोणत्या तरंगलांबीवर येते ते पाहा. काचेपेक्षा अपवर्तनांक जास्त असलेल्या थरासाठी ४०० ते ८०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात आपल्या जाडीला एकच ठळक दरी मिळेल, आणि तिथे अपवर्तनांक, जाडी आणि दोन यांचा गुणाकार त्या तरंगलांबीच्या दीडपट असतो. अपवर्तनांक २ आणि जाडी २०० असेल तर दरी ५३३ च्या आसपास यायला हवी. ती त्याहून लाल बाजूला सरकलेली असेल, तर जाडी २०० पेक्षा जास्त आहे असे समजावे. अशा आलेखावरून जाडी काढण्याची स्वानेपोलची १९८३ ची पद्धत मात्र इथे लावू नका. तिला अनेक चढउतार लागतात आणि आपल्याकडे जेमतेम एखाददुसरा आहे.

सगळ्यांत खात्रीचा मार्ग पायरीचा आहे. पट्टीच्या अर्ध्या भागावर नखांचे रंगरोगण लावून ते पूर्ण वाळू द्या, पट्टी अगदी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद बुडवा, पाण्याने धुवा आणि रोगण ॲसिटोनने काढा. झिंक ऑक्साइड आम्लात सहज विरघळतो, काच तशीच राहते आणि स्वच्छ कड मिळते. स्टायलस प्रोफाइलमापकाची सुई त्या कडेवरून पाच ठिकाणी न्या आणि पाचही आकडे निबंधात द्या.

उत्तर २ : एक्सपीएस_चालक

मी गेली काही वर्षे एक्सपीएस उपकरण चालवतो. इतरांचे नमुने लावणे आणि त्यांचे आलेख काढून देणे हेच माझे रोजचे काम आहे. आपल्या आलेखासारखे आलेख मला महिन्यातून दहा वेळा तरी दिसतात.

पद्धतीचे मूळ तत्त्व सगळ्यांना ठाऊक असते. काय सीगबान यांना १९८१ चा नोबेल पुरस्कार याच पद्धतीसाठी मिळाला. पण तिची खोली किती, हे प्रत्यक्ष आकड्यांत फार कमी जण लिहितात. ॲल्युमिनियमच्या के-अल्फा किरणांची ऊर्जा १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ऑक्सिजनच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन त्यामुळे सुमारे ९५० इलेक्ट्रॉन व्होल्टची गतिज ऊर्जा घेऊन निघतो. किरण मायक्रोमीटरभर आत जात असला तरी इलेक्ट्रॉनला ऊर्जा न गमावता बाहेर यायचे असते, आणि ते साधारण दोन नॅनोमीटरच्या टप्प्यात ठरते. त्या टप्प्याच्या तिप्पट खोलीतून ९५ टक्के संकेत येतो. म्हणजे आपल्या दोनशे नॅनोमीटरांपैकी मी आपल्याला वरचे सहा नॅनोमीटर दाखवतो. जस्ताच्या २पी पीकसाठी (२पी कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांच्या पीकसाठी) हा आकडा आणखी लहान आहे, कारण तिथे इलेक्ट्रॉनची ऊर्जा ४६५ च्या आसपास असते. नमुन्यावर कार्बनचा पातळ पापुद्रा असेल, आणि हवेत राहिलेल्या प्रत्येक नमुन्यावर तो असतोच, तर तो जस्ताचा २पी संकेत ऑक्सिजनच्या संकेतापेक्षा जास्त कापतो. त्यावरून काढलेले जस्त आणि ऑक्सिजनचे प्रमाण फसवे निघते. प्रमाण द्यायचेच असेल तर ८९ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचे जस्ताचे ३पी पीक घ्या. तो इलेक्ट्रॉन वेगवान असतो, त्यामुळे त्याची खोली ऑक्सिजनच्या खोलीच्या जवळ असते.

आता ५३१.६ बद्दल. या एका गोष्टीवर मला मनापासून बोलायचे आहे. रिक्त जागा म्हणजे जिथे ऑक्सिजन नाही अशी जागा. जो अणू तिथे नाही त्याचा इलेक्ट्रॉन माझ्या शोधकात येणार कुठून? रिक्त जागेमुळे शेजारच्या ऑक्सिजनच्या बंधनऊर्जेवर काही परिणाम होतो असा युक्तिवाद केला जातो. पण ५३१ ते ५३२ या पट्ट्यात हायड्रॉक्सिल, कार्बोनेट आणि ॲसिटेटचा ऑक्सिजन हे सगळे येतात, आणि हवेत राहिलेल्या झिंक ऑक्साइडवर ते भरपूर असतात. आपण ॲसिटेटचेच द्रावण फवारता. आपला कार्बनचा आलेख पुन्हा काढून पाहा. २८४.८ च्या मुख्य पीकच्या डावीकडे, २८९ च्या आसपास, एक लहान उंचवटा असेल तर तो ऑक्सिजनशी जोडलेला कार्बन आहे, आणि ५३१.६ चा काही भाग त्याच्या नावावर जातो.

हे तपासण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला नमुना कलवण्याचा. इलेक्ट्रॉन सरळ वर घेण्याऐवजी पृष्ठभागाशी ३० अंशांनी घेतले तर खोली निम्मी होते. ५३१.६ चा वाटा त्यामुळे वाढला तर तो ऑक्सिजन वर बसलेला आहे. वाटा तसाच राहिला तर तो त्या सहा नॅनोमीटरांत सगळीकडे आहे. आपला थर खडबडीत आहे, त्यामुळे या प्रयोगातून आकडेवारी फार नेमकी मिळणार नाही, पण दिशा निश्चित कळेल. दुसरा मार्ग निर्वात कक्षातच नमुना २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवून पुन्हा मोजण्याचा आहे. आर्गॉन आयनांनी वरचा भाग खरवडण्याचा सल्ला आपल्याला कोणी तरी देईल. तो शेवटचा उपाय ठेवा. आयनांचा मारा ऑक्साइडमध्ये स्वतःच बिघाड निर्माण करतो. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये तर त्याने चतुःसंयुजी टायटॅनियम त्रिसंयुजी झालेला सरळ दिसतो. मग जे दिसले ते नमुन्याचे की माऱ्याचे, हा वाद सुरू होतो. रिक्त जागांबद्दल खरोखर बोलायचे असेल तर प्रकाशदीप्ती आणि इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स यांचा आधार जोडावा लागेल.

काच वीजरोधक असल्याने नमुन्यावर भार साठतो आणि सगळे पीक सरकतात. कार्बन २८४.८ वर आणून बसवणे ही सोय आहे, तो पुरावा नाही. जस्त ऑक्साइड अवस्थेत आहे हे दाखवायला ऑजे परिमाण द्या, म्हणजे जस्ताच्या ऑजे रेषेची (उत्तेजित अणूतून मागाहून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या रेषेची) गतिज ऊर्जा आणि २पी ची बंधनऊर्जा यांची बेरीज. भाराचा परिणाम बेरजेत आपोआप नाहीसा होतो. ऑक्साइडसाठी ती २०१० च्या आणि धातूसाठी २०१४ च्या जवळ येते. एकट्या २पी पीकवरून या दोन्हींतला फरक जेमतेमच कळतो.

शेवटी पाठवणीबद्दल. नमुने कृपया प्लास्टिकच्या झिप पिशवीत आणि दुहेरी चिकटपट्टीवर लावून पाठवू नका. त्यातले सिलिकोन पृष्ठभागावर पसरते आणि मग १०२ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ सिलिकॉन दिसतो. विद्यार्थी त्याला काचेतला सिलिकॉन समजतात आणि थराला भेगा आहेत असा निष्कर्ष काढतात. स्वच्छ काचेची पेट्री डिश, तळाशी नवा ॲल्युमिनियम फॉइल आणि पट्टीच्या फक्त कडा टेकतील अशी घडी, एवढे पुरते. सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. जुलैत नागपूरहून निघालेला आणि मेमध्ये निघालेला, असे एकाच तुकडीतले दोन नमुने मी मोजले आहेत, आणि त्यांचे ऑक्सिजनचे आलेख शेजारी ठेवले तर वेगळ्या पदार्थांचे वाटतील.

उत्तर ३ : लेपकाम_हिंगणा

ताई, मी विद्यापीठातला नाही. हिंगणा एमआयडीसीत आमचे ड्रिल, टॅप आणि पंच यांच्यावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप देण्याचे काम आहे. आमचा लेप २ ते ३ मायक्रोमीटरचा, म्हणजे आपल्यापेक्षा दहा-पंधरा पट जाड असतो, तरीही कठीणपणा मोजताना आम्हाला हीच अडचण येते, म्हणून लिहितो.

टोक ३०० नॅनोमीटर खोल गेले आणि थर २०० चा आहे, म्हणजे टोक थर भेदून काचेत १०० नॅनोमीटर शिरले. त्यामुळे ७२ हा आकडा काचेचाच आहे. साध्या काचेचा मापांक ७० च्या आसपास असतो, आणि ज्या फ्यूज्ड सिलिकावर ही यंत्रे जुळवतात त्याचा ७२ असतो. सलग झिंक ऑक्साइडचा मापांक १०० च्या बराच वर असतो. कठीणपणासाठी व्यवहारातला नियम असा की थराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त खोल जाऊ नये. मापांकाला तेवढीही सूट नसते, कारण टोकाखालचा प्रत्यास्थ ताण कायमच्या खळग्यापेक्षा खूप दूर पसरतो आणि खालच्या पदार्थाला लवकर हात लावतो. ऑलिव्हर आणि फार या दोन संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत, जी आज सगळी यंत्रे वापरतात, ती भार काढतानाच्या वक्राच्या उतारावरून मापांक काढते. तो उतार थराचा की खालच्या काचेचा, हे त्या गणिताला कळत नाही. ते आपणच पाहायचे असते.

आपल्याला दहाव्या हिश्शाने २० नॅनोमीटरच मिळतात. फवारलेल्या थराचा खडबडीतपणाच त्या घरात असतो आणि टोकाची गोलाईही त्याहून मोठी असते. माझे स्पष्ट मत असे की या निबंधातून कठीणपणाचा परिच्छेद काढून टाकावा. आपला थर अमोनिया ओळखण्यासाठी आहे, त्याने लोखंड कापायचे नाही. जाड थर देऊन मोजता येईल, पण जाड थराची वाढ वेगळी होते आणि तो आकडा या थराचा राहणार नाही.

आमच्याकडे जाडी मोजायला साधी रीत आहे. ३० मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी हिऱ्याची पेस्ट लावून लेपावर फिरवायची, लेप घासून खाली पोलाद दिसू लागले की थांबायचे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन वर्तुळे दिसतात, बाहेरचे लेपाच्या पृष्ठभागावरचे आणि आतले पोलादाचे. दोन्ही व्यासांच्या वर्गांतील फरकाला गोळीच्या व्यासाच्या चौपटीने भागले की जाडी मिळते. बाहेरचा व्यास ०.८० आणि आतला ०.५३ मिलिमीटर आला तर लेप ३ मायक्रोमीटरचा आहे. दोनशे नॅनोमीटरला ही रीत चालणार नाही, पण आतले वर्तुळ स्वच्छ सोनेरी कडेचे आहे की फाटक्या कडेचे, एवढ्यावरूनच लेप धरला आहे की नाही हे आम्ही ओळखतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. थराच्या खालचा पृष्ठभागही तपासावा. एका ग्राहकाच्या पंचांवरचा लेप रॉकवेल कठीणपणा-चाचणीचा ठसा दिल्यावर ठशाभोवती गोल पापुद्रा होऊन निघत होता. आम्ही लेप काढून पुन्हा दिला, कक्षातले तापमान आणि दाब तपासले, पुन्हा तेच झाले. चौथ्या दिवशी लेप नसलेल्या भागावर नायटल (अल्कोहोलमधले नायट्रिक आम्ल) लावले, तेव्हा पोलादावर काळपट पट्टे उमटले. धार लावताना कूलंट पुरेसे न मिळाल्याने पोलादाची वरची कातडी जळून मऊ झाली होती. लेप चांगला होता, पण त्याला उभे राहायला जमीनच नव्हती. आपली काच फवारणीपूर्वी कशी धुतली जाते आणि ४०० अंशांना साध्या काचेतले सोडियम थरात चढते का, याचा विचार जरूर करावा. साध्या काचेतले सोडियम तापवल्यावर वरच्या थरात सरकते ही जाणकारांना माहीत असलेली गोष्ट आहे. क्वार्ट्झच्या पट्टीवर एक नमुना करून पाहिला तर शंका मिटेल.

उत्तर ४ : आयनपुंज_दिल्ली

वरील उत्तरांत एक भर घालतो. थरातील द्रव्य प्रमाणित नमुन्याशिवाय मोजायचे असेल तर रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंगचा विचार करा. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात १.७ एमव्ही पेलेट्रॉनवर (आयनांना वेग देणाऱ्या यंत्रावर) ही सोय आहे आणि विद्यापीठातील संशोधक प्रस्ताव पाठवू शकतात. सुमारे २ एमईव्हीचे हेलियम आयन नमुन्यावर सोडून परत उडालेल्यांची ऊर्जा मोजतात. जड अणूवरून आयन जास्त ऊर्जा राखून परततो आणि खोलवरून परतताना वाटेत ऊर्जा गमावतो, म्हणून एकाच आलेखात अणू कोणता आणि तो किती खोल हे दोन्ही वाचता येते. चंद्राच्या मातीचे पहिले रासायनिक विश्लेषण १९६७ मध्ये सर्व्हेयर-५ यानाने अल्फा कणांच्या अशाच परत उडण्यावरून केले होते.

आपल्या बाबतीत दोन मर्यादा लक्षात ठेवा. जस्त काचेतल्या घटकांपेक्षा जड असल्याने त्याचा संकेत वेगळा आणि स्वच्छ मिळेल, पण थरातला ऑक्सिजन काचेतल्या संकेतांवर बसेल, म्हणून एक नमुना कार्बनच्या चकतीवर तयार करावा. दुसरे असे की ही पद्धतसुद्धा दर चौरस सेंटिमीटरला किती अणू एवढेच सांगते. २.१ मिलिग्रॅमच्या आपल्या थरासाठी ती संख्या जस्ताच्या सुमारे ८ गुणिले १० चा १७ वा घात इतकी यायला हवी. म्हणजे वजनाची पडताळणी होईल, छिद्रांसाठी मात्र अध्यापक सरांची पायरी लागेलच.

जस्तथर_नागपूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साडेतीन आठवड्यांत जे झाले ते कळवते.

पायरी नखांच्या रोगणाने केली. पहिल्या वेळी आम्ल जास्त तीव्र झाले आणि ते रोगणाखाली शिरून कड वितळली. दुसऱ्या वेळी दहापट विरल केल्यावर कड सरळ मिळाली. पाच ठिकाणचे आकडे २२९ ते २४२ नॅनोमीटरच्या दरम्यान आले, सरासरी २३६. वजनावरून २०० आली होती, म्हणजे थरात सुमारे १५ टक्के छिद्रे आहेत. पारगमनाच्या आलेखातील दरी ५८० नॅनोमीटरवर आहे. त्यावरून अपवर्तनांक आणि जाडी यांचा गुणाकार ४३५ येतो आणि २३६ ने भागल्यावर अपवर्तनांक १.८४ मिळतो. सलग झिंक ऑक्साइडच्या २ पेक्षा तो कमी आहे, जे छिद्रांशी जुळते. तीन वेगवेगळ्या मोजमापांचे एकमत झालेले मी माझ्या कामात पहिल्यांदाच पाहिले.

तिरप्या एक्सआरडीत १ अंशावर काचेचा फुगवटा जवळजवळ गेला. सरांनी म्हटल्याप्रमाणे ३४.४ चे पीक तिथे खाली आले आणि ३६.३ चे सर्वांत उंच झाले. इशारा वाचला नसता तर मी याच आलेखावरून टेक्स्चर गुणांक काढला असता.

एक्सपीएससाठी नवा नमुना पेट्री डिशमध्ये पाठवला होता. सरळ कोनात ५३१.६ चा वाटा ३८ टक्के आणि ३० अंशांवर ५५ टक्के आला. २८९ वरचा उंचवटाही आहे. तो ऑक्सिजन वर बसलेला आहे हे मला मान्य आहे, आणि रिक्त जागांचे वाक्य मी निबंधातून काढले आहे. कठीणपणाचा परिच्छेदही काढला. क्वार्ट्झवरचा नमुना पुढच्या आठवड्यात करणार आहे.

आता एक शंका उरते. माझ्या थराचा कोरड्या हवेतला मूळ रोध मेमध्ये जेवढा होता तेवढा ऑगस्टमध्ये राहत नाही, आणि अमोनियाचा प्रतिसादही बदलतो. वर बसलेल्या हायड्रॉक्सिलचा हा परिणाम आहे असे लिहिता येईल का?

निवृत्त_अध्यापक_धरमपेठ

आकडे चांगले आहेत. आम्लाची पहिली फसलेली पायरी प्रबंधाच्या परिशिष्टात लिहून ठेवा, पुढच्या विद्यार्थ्याचा एक आठवडा वाचेल.

शेवटच्या शंकेबाबत एवढ्यात तसे लिहू नका. एक्सपीएसने आपल्याला वरचे सहा नॅनोमीटर दाखवले, पण आपल्याच हिशेबाने थरात १५ टक्के छिद्रे आहेत. अमोनिया आणि बाष्प दोन्ही त्या छिद्रांतून खालपर्यंत जातात. सेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये झिंक ऑक्साइडच्याच पातळ थरावर वायूमुळे वाहकता बदलते हे दाखवले, तेव्हापासून वायूसंवेदकाच्या कामात पृष्ठभाग म्हणजे फक्त वरची बाजू असे कोणी धरत नाही. प्रत्येक कणाची भिंत आणि दोन कणांमधली सीमा हाही पृष्ठभागच आहे. तो मोजायला आपले एक्सपीएस पोहोचत नाही, पण आपला रोधमापक पोहोचतो.

म्हणून प्रयोग असा करा. नमुना मोजणीच्या कक्षातच कोरड्या हवेच्या प्रवाहात ३५० अंशांवर दोन तास ठेवा, मग कामाच्या तापमानावर आणून रोध नोंदवा. त्यानंतर त्याच तापमानावर हवेतील आर्द्रता शून्यापासून ७० टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर स्थिर झालेला रोध आणि अमोनियाचा प्रतिसाद दोन्ही घ्या. मग पुन्हा कोरडी हवा सोडा. सैल धरलेले पाणी लवकर निघून जाते, पण हायड्रॉक्सिल गट त्यापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत चिकटून राहतात. रोध लगेच मूळ पदावर आला तर एक गोष्ट, ३५० अंशांना पुन्हा तापवल्याशिवाय आला नाही तर दुसरी. आलेखात वेळेचा अक्ष मिनिटांत ठेवा आणि नमुना कोणत्या दिवशी फवारला होता ती तारीख आलेखाखाली लिहा.